गाडीत काही नाही

गाडी कायमची बंद पडली की मिस्त्रीला बरं वाटतं. दोष जागेवर बसलेला असतो, आज नाही तर उद्या सापडतो. खरा छळ असतो तो अधूनमधून रुसणाऱ्या गाडीचा. ती ड्रायव्हरला भर रस्त्यात रडवते आणि मिस्त्रीच्या दारात आली की पहिल्या झटक्यात चालू होते. मग मिस्त्री ड्रायव्हरकडे बघून हसतो. मीही पुष्कळ हसलो आहे.

सत्तरच्या दशकात सोलापुरात माझं मोटारींच्या बॅटरी आणि वायरिंगचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार पत्रे, एक बाकडं आणि बॅटरी चार्ज करायचं यंत्र. पण माझा तोरा मोठा होता. स्टार्टरचा आवाज ऐकून मी दुखणं सांगायचो, आणि ते बहुतेक वेळा खरं निघायचं. मी 'गाडीत काही नाही' म्हटलं की लोक दुसरीकडे दाखवायला जात नसत. तिशी नुकतीच ओलांडली होती, आणि एवढा मान त्या वयात पचत नाही.

नवी पेठेतल्या एका कापडाच्या व्यापाऱ्याची काळी मोटार माझ्याकडे नेहमी यायची. मालक लिंगायत, घरात कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी. त्यांचा ड्रायव्हर पन्नाशीचा होता. चौदा वर्षं त्याच गाडीवर. त्याला मी मामा म्हणायचो. गाडी उभी केली की खिशातल्या फडक्यानं तिची काच पुसल्याशिवाय तो खाली बसत नसे.

दिवाळीच्या सुमारास मामा तक्रार घेऊन आला. "मिस्त्री, मधनंच सगळं मरतंय बगा. बटन दाबलं की लाईट न्हाय, हॉर्न न्हाय, काय बी न्हाय. घटकाभरानं आपोआप येतंय." मी बटण दाबलं. गाडी लगेच चालू झाली. "मामा, बोटात जोर न्हाय, तुमी जेवून येत जा," मी म्हणालो, आणि बाकड्यावर बसलेले सगळे हसले. तोही हसला. त्यानंतर तो तीन-चार वेळा आला आणि दर वेळी तेच झालं. पुढं पुढं तो सांगताना आवाज खाली आणायला लागला, जणू गाडीनं नाही, त्यानंच काहीतरी केलं होतं.

उन्हाळा लागताना मालकांचे वडील वारले. ते अक्कलकोटच्या पलीकडे गावी राहायचे. सकाळच्या एस.टी.नं निरोप घेऊन माणूस आला. त्यांच्यात दहन नसतं. अंगाला विभूती लावतात, बसवून समाधी देतात, आणि पोरानं मूठभर माती घालायची असते. ऊन फार, त्यामुळे दुपारच्या पुढं थांबता येणार नव्हतं. मालक कपडे करून गाडीत बसले. मामानं बटण दाबलं आणि सगळं मेलं.

हँडल मारून झालं. दुकानातल्या नोकरांनी पार चौकापर्यंत ढकललं. आता होईल, आता होईल म्हणत दीड तास गेला. शेवटी दुसऱ्या कुणाची तरी गाडी मागून आणली. मालक गावी पोचले तेव्हा खड्डा बुजवून माणसं हातपाय धूत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गाडीचं बटण मालकांनी स्वतः दाबलं आणि ती चालू झाली. त्यात निरोप आला त्याच्या आदल्याच संध्याकाळी मामानं दुसऱ्या दिवसाची रजा मागितली होती. त्याच्या मुलीला बघायला माढ्याहून पाहुणे येणार होते. मालकांनी रजा दिली नव्हती. आता दोन आणि दोन चार करायला कितीसा वेळ लागतो?

मालक गाडी घेऊन माझ्याकडे आले. मामा मागं उभा होता. मालक म्हणाले, "मिस्त्री, तुमी सांगाल ते खरं. गाडीत काय हाय का न्हाय, तेवढंच सांगा." मी तीन दिवस मागून घेतले.

त्या तीन दिवसांत मी आळस केला असं कुणी म्हणू शकणार नाही. स्टार्टर उतरवून ब्रश पाहिले. बटणाच्या मागच्या वायरी सोडवल्या, पुन्हा बांधल्या. बॅटरीचं पाणी तपासलं, तिची टोकं घासली. वायरीला वायर लावून दिव्यानं तपासलं, दिवा सगळीकडे लख्ख लागला. दिवसातून वीस वेळा बटण दाबलं आणि वीस वेळा गाडी चालू झाली. मामा रोज दुपारी येऊन बाकड्याच्या टोकाला बसायचा. त्याला गाडी बंद पडायला हवी होती. चौदा वर्षं जिला जपलं ती एकदा तरी माझ्यासमोर मरावी म्हणून तो तिच्याकडे टक लावून बघत बसायचा. मला त्याची कीवही यायची आणि रागही. म्हातारा माझ्या कामावर नजर ठेवतोय असं वाटायचं.

चौथ्या दिवशी मालक आले. मला दोष सापडला नव्हता, तेवढंच सांगायचं होतं. पण बाकड्यावर चार माणसं बसली होती, आणि 'मला सापडलं नाही' हे माझ्या तोंडून तोवर कुणी ऐकलेलं नव्हतं. मी म्हणालो, "गाडीत काही नाही."

मालक मामाकडे वळून एकच कानडी शब्द बोलले, "सुळ्ळु." खोटं. मामानं खिशातलं फडकं काढून बॉनेटवर ठेवलं आणि तो चालत निघून गेला. जाताना त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. तेव्हा मला ते बरंच वाटलं.

ऐन वैशाखात भर दुपारी मालकांच्या दुकानातला नोकर धावत आला. नव्या ड्रायव्हरच्या हातात गाडी मेली होती. मी पिशवी सायकलला अडकवून नवी पेठेत गेलो. गर्दीच्या मधोमध गाडी आडवी उभी होती, मागं रिक्षावाले शिव्या घालत होते. मी बटण दाबलं. लाईट नाही, हॉर्न नाही, काहीच नाही. मामानं सांगितलं होतं अगदी तसं. मला आधी आनंद झाला, हेही लिहून टाकतो. दोष शेवटी हातात आला होता.

तपासायला पाच मिनिटं लागली. बॅटरीच्या एका टोकाकडून तांब्याच्या तारांची विणलेली पट्टी निघते आणि बोल्टनं गाडीच्या अंगाला बसवलेली असते. सगळी वीज तिच्यातून परत येते. दिव्याची एक वायर बॅटरीच्या दुसऱ्या टोकाला धरली, एक पट्टीला लावली, दिवा लागला. तीच वायर चार बोटं पलीकडे गाडीच्या पत्र्याला लावली, दिवा लागला नाही. म्हणजे पट्टी आणि पत्रा एकमेकांना चिकटून होते आणि तरी भेटत नव्हते. पान्यानं पट्टी नुसती हलवली तर हॉर्न किंचित कण्हला. मी बोल्ट काढला. पट्टीखाली लाल ऑइलपेंट होता.

तो रंग माझा होता. खंडेनवमीला पूजेसाठी सोलापुरातल्या साऱ्या गाड्या धुवून-सजवून उभ्या राहतात. आदल्या दिवशी माझ्याकडे रांग लागायची. नेहमीच्या गिऱ्हाइकांची बॅटरीखालची गंजलेली जागा मी साफ करून लाल रंगवून द्यायचो. हळदकुंकू वाहिल्यावर ती छान दिसायची. पट्टी परत बसवण्याआधी तिच्याखालचा रंग खरवडायचा असतो, हे मला झोपेतही माहीत होतं. त्या दिवशी मागं गाड्या उभ्या होत्या आणि माझा हात पुढं निघून गेला. वीज बोल्टच्या आट्यांतून कशीबशी वाट काढत राहिली, जमलं तेव्हा जमलं. आणि त्या तीन दिवसांत मी सगळी गाडी पाहिली, फक्त ही एक जागा उघडली नाही. कारण ती मी स्वतः केली होती. मी केलेलं चुकणार कसं?

मी कानशीनं पत्रा उघडा केला, पट्टी आवळली, गाडी चालू झाली. मालक दुकानाच्या पायरीवर उभे होते. मी म्हणालो, "पट्टी नीट बसलेली नव्हती. ड्रायव्हर खरं बोलत होता." रंगाचं बोललो नाही. ते पायरी उतरून गाडीपाशी आले. मग म्हणाले, "व्हय, आसंल. पर त्येला परत बसवू कसा, मिस्त्री? त्येचं तोंड बगितलं की मला ती बुजवलेली जागा दिसणार." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांना दोष द्यायची माझी लायकी नव्हती.

मामाला दुसऱ्या कुणी गाडीवर घेतलं नव्हतं. मालकाला बापाच्या मातीला मुकवणारा ड्रायव्हर, असं त्याचं नाव झालं होतं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात तो सुताचे गठ्ठे उचलायचा. दुपारी पाळी सुटल्यावर मी त्याला फाटकाशी गाठलं. केसांत, भुवयांवर सुताची लव बसली होती.

"मामा, दोष सापडला. गाडीतच होता."

"कुटं?" त्यानं लगेच विचारलं, जुन्या सवयीनं.

"बॅटरीच्या पट्टीखाली. रंग होता."

"लाल?"

"लाल."

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी जागा रंगवत असताना जवळ उकिडवा बसून रंगाचा डबा त्यानंच धरला होता. मी खाली बघत उभा राहिलो. त्यानं सायकलचं कुलूप काढलं आणि म्हणाला, "माज्या घरी येऊन एवडं सांगता का? बायकोला."

घर जवळच होतं, एका खोलीचं. मामी भिंतीला टेकून बसली होती. मी सांगितलं, गाडीत दोष होता, मामानं काही केलं नव्हतं. तिनं दोनदा विचारून घेतलं. मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "त्या सकाळी जाताना ह्ये म्हनाले व्हते, आज गाडी न्हाय निगाली तर बरं हुईल. मी ऐकलं व्हतं. मला वाटलं ह्येंनीच केलं. एका पोराला बापाची माती चुकवली म्हनून मी ह्येंच्याशी धड बोलले न्हाय की." मामा दाराशी उभा होता. हे तोही पहिल्यांदाच ऐकत असावा.

डोळे पुसून तिनं मला विचारलं, "पर पट्टीखाली रंग लावला कुनी?"

मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो ते मला आजही सांगता येत नाही. त्याआधीच मामा म्हणाला, "जुनी गाडी हाय. लागला आसंल कुनाचा तरी हात. च्या टाक मिस्त्रीला."

तिनं चहा टाकला. मी तो खाली बघून प्यायलो. मामा मला रस्त्यापर्यंत सोडायला आला, आणि "तुमी आलात, लई झालं," म्हणाला. मला लाजेनं त्याच्याकडे बघवेना. त्यानं एका वाक्यात मला झाकलं होतं. मला त्याच्यासाठी तीन दिवसांत एवढंही म्हणता आलं नव्हतं, की मला सापडलं नाही.