धूर सरळ वर गेला की

"धूर सरळ वर गेला, की आपलं काम झालं," असं सहादू म्हणायचा.

तो सायखेड्याचा सुतार. ऐंशी सालच्या आसपास नाशकाबाहेरच्या माळावर नव्या वसाहती उठल्या. घरं घाईत बांधलेली, चौकटींचं लाकूड ओलं. पहिल्या उन्हाळ्यात ते आक्रसायचं आणि खिडक्या नीट लागेनाशा व्हायच्या. मग सहादूला बोलावणं जाई. दुसरा सुतार आल्याआल्या रंधा काढायचा, सहादू उदबत्ती पेटवायचा. चौकटीच्या कडेकडेनं ती फिरवायची, आणि धूर जिथं वळेल तिथं पेन्सिलीनं खूण करायची. घरातल्या बायका हात जोडत.

"वहिनी, देव नाय हा. वारा बघतोय."

एकीनं तर नारळ आणून ठेवला होता. "असू द्या, चटणीला होईल," तो म्हणाला.

बायको सुलाबाई गेल्यावर त्याच्या घरात भांड्यांचा आवाजही राहिला नाही. तेव्हापासून तो लोकांच्या घरात काम लांबवत बसे.

एका श्रावणात यादवनं त्याला बोलावलं. यादव कारखान्यात कारकून होता. मागच्या खोलीतल्या पश्चिमेच्या खिडकीतून पाऊस थेट त्याच्या आईच्या अंथरुणावर येत होता. आई, चतुराबाई, खिडकीखालीच बसून होती.

"हिला हात नको लावू, बाबा."

"का, मावशी?"

"ऐक जरा."

वारा आला. चौकटीतून बारीक शिट्टी निघाली, मध्येच अडखळली, पुन्हा निघाली.

"ह्यांची छाती अशीच वाजायची. दमा व्हता. ह्या घराचा पाया बघितला, अन् राहायला यायच्या आधीच गेले. आता येत्यात, घर बघायला."

"आई, आपण असलं काही मानत नाही," यादव म्हणाला. सुताराकडे बघायचं त्यानं टाळलं.

"तू नको मानू. तुला कोण बोलवतंय?"

सहादूनं उदबत्ती फिरवली. वरच्या कोपऱ्यापाशी धूर एकदम आडवा झाला. तिथं चौकट बोटानं ठोकली, तर मागून पोकळ आवाज आला. गवंड्यानं चौकटीमागं माल न भरताच वरून गिलावा फिरवला होता. लाकूड वाळलं, चौकट एका अंगाला कलली, आणि झडप टेकायची बंद झाली.

यादव त्याला बाहेर घेऊन गेला. "थोडी फट ठेवता येईल का?"

"ठेवली तर पाऊसही येणार."

आत चतुराबाईला खोकल्याची उबळ आली. ती सरेपर्यंत दोघं उभे राहिले. मग यादव म्हणाला, "भरून टाका."

सहादूनं गिलावा फोडला. पाचरी मारून चौकट ओळंब्यात आणली आणि मागची पोकळी विटांचे तुकडे अन् सिमेंट घालून ठासून भरली. चतुराबाई भिंतीला पाठ लावून बघत राहिली. त्यानं चहा घेतला नाही, तिनंही आग्रह केला नाही.

माल वाळल्यावर तो परत आला. झडपेवरून रंधा फिरवला, ती लावली, कडी सरकवली. बाहेर वाऱ्यानं बाभळ हलत होती. त्यानं उदबत्ती पेटवली आणि सगळ्या कडांवरून फिरवली. धूर कुठंच वळला नाही. सरळ वर गेला. खोलीत काहीही वाजत नव्हतं.

चतुराबाई उठली. त्या धुराकडे बघत तिनं हात जोडले.

"लावलंस वाटंला त्यांना," ती म्हणाली. "बरं केलंस. लय दिवस घुटमळले हितं." मग तिनं विचारलं, "परत यावंसं वाटलं त्यांना, तर वाट हाय का रं?"

देव नाय, वारा बघतोय. हे वाक्य त्यानं आजवर घराघरातून म्हटलं होतं. ते आता म्हटलं, तर तिच्याकडे इतके दिवस येत होता तो नुसता वारा ठरणार होता. न म्हटलं, तर तिच्या माणसाला ह्या घरातून घालवणारा तो स्वतःच ठरणार होता.

यादव खाली बघत होता. चतुराबाईचे हात अजून जोडलेले होते.

सहादूनं उदबत्तीचं टोक चिमटीत धरून विझवलं. रंधा पिशवीत टाकला, पायात चपला सरकवल्या, आणि तो बाहेर पडला.