रॉनच्या रिव्हॉल्व्हरला चिंच

माझ्या सासूबाईंनी आयुष्यात एकच रिव्हॉल्व्हर घासलं, आणि ते अगदी लख्ख निघालं.

ते आमचं नव्हतं, एवढीच बारीकशी अडचण. ते होतं रॉनचं. रॉन म्हणजे मनुरेवातला आमचा घरमालक. आणि मी म्हणजे नववीत शाळेला रामराम ठोकून, नर्स बायकोच्या व्हिसाच्या शेपटाला लटकत ऑकलंडला पोचलेला गृहस्थ. इंग्रजी इतकं पक्कं, की डेअरीत दूध घेतलं की दुकानदाराला थँक्यू, दाराला थँक्यू, दाराबाहेरच्या कुत्र्यालाही थँक्यू! (कुणाचे उपकार कधी लागतील, सांगता येत नाही.) अशा रत्नाला रॉनने घरामागचा फ्लॅट भाड्याने दिला, वर मित्राच्या गोदामात शब्द टाकून कामाला चिकटवलं. म्हणजे रॉनशी बिनसलं की छप्पर आणि भाकरी एका फटक्यात गुल!

रॉनला जुन्या लष्करी रिव्हॉल्व्हरांचा नाद. लायसन्स, पोलादी तिजोरी, सगळं रीतसर. त्यातलं एक त्याच्या काळजाचा तुकडा. पन्नासच्या दशकात अमेरिकेत वैमानिकांसाठी बनवलेलं, आख्खं अ‍ॅल्युमिनियमचं, मोठ्या कांद्याएवढ्या वजनाचं. इतकं नाजूक, की शत्रूआधी तेच फुटेल या भीतीने लष्कराने बहुतेक सगळी मोडीत काढली. उरली ती दुर्मिळ. आणि दुर्मिळ म्हटलं की नकली आलीच! टाकानिनीचा कॉलिन, रॉनचा या नादातला जोडीदार, वर्षानुवर्षं म्हणत होता, "तुझं अस्सल नाही." शेवटी ठरलं. शनिवारी दुपारी कॉलिन स्वतःचं अस्सल घेऊन येणार, दोन्ही शेजारी ठेवून सोक्षमोक्ष लावणार.

नेमका त्याच शनिवारी आमचा दसरा. (खरा दसरा मधल्याच वारी होऊन गेला होता. पण इथे देवही वीकेंड बघूनच येतात.) आणि मला कृतज्ञतेचा झटका आला! दसऱ्याला शस्त्रपूजा. आमच्या घरी शस्त्र म्हणाल तर एक विळी, तीही बोथट. रॉनकडे तर तिजोरीभर! म्हटलं, रॉनच्या रिव्हॉल्व्हरचीच पूजा करू.

"स्वीट अ‍ॅज, मेट!" रॉन खूश. "कॉलिनच्या आधी देवाची मदत मिळाली तर हवीच आहे मला."

कायद्याप्रमाणे रिव्हॉल्व्हर आमच्याकडे येणं शक्य नव्हतं, म्हणून आमचे देवच पाट-ताम्हनासकट रॉनच्या स्वयंपाकघरात गेले. पुजारीण सासूबाई. पिंपरीहून तीन महिन्यांसाठी आलेल्या, आणि आल्या दिवसापासून करायला काम शोधत असलेल्या. रॉनने रिव्हॉल्व्हर उघडून रिकामं असल्याचं दाखवलं आणि पाटावर ठेवलं. मी त्याला बजावलं, "रॉन, मदर-इन-लॉ व्हेरी होली. शी डू एनीथिंग, यू नो स्टॉप."

माझ्या इंग्रजीतलं हे एकच वाक्य समोरच्याला पहिल्या झटक्यात कळलं!

गाडीत राहिलेला नारळ घेऊन परत येतो तर सासूबाई सिंकपाशी. एका हातात रिव्हॉल्व्हर, दुसऱ्यात चिंचेचा गोळा. (ओटाहुहूच्या इंडियन दुकानातली, मीच आणलेली.) चिंच काळी ठिक्कर, रिव्हॉल्व्हर गोरंगोमटं! आणि शेजारी रॉन, टोपी काढून छातीशी धरलेली, डोळ्यांत पाणी.

"आई! काय करताय?"

"पूजेला ठेवायचं तर घासायला नको? किती कळकटलंय! घरात बाईमाणूस नाही, दिसतंच आहे."

"अहो, तो रंग आहे!"

"मळ आहे, जावईबापू. रंग असा निघतो होय?"

"ब्यूटिफुल," रॉन पुटपुटला. "तिला थांबवू नकोस, मेट. होली."

मी बायकोच्या कानाला लागलो. "सुषमा, तू सांग त्याला."

"मी का?"

"तू नर्स आहेस. वाईट बातम्या सांगायचा सराव आहे तुला."

"मग तुम्ही पेशंट व्हायच्या तयारीत राहा," असं म्हणून ती रांगोळी काढायला बाहेर पळाली.

सासूबाईंनी नळाखाली धरून ते खळखळून धुतलं, पदराला पुसलं, मुठीच्या मागे कोरलेल्या लष्करी शिक्क्यावरून कौतुकाने बोट फिरवलं. "बघा, अक्षरं कशी चांदीसारखी उठून दिसतायत!" आणि त्यावर हळदकुंकू वाहिलं.

तेवढ्यात कॉलिन दारात, बगलेत त्याच्या रिव्हॉल्व्हरचा डबा.

त्याने खिशातून भिंग काढलं. कुंकू फुंकलं. एवढ्या वेळात माझ्या डोळ्यांपुढे आमचं सामान फुटपाथवर मांडून झालं होतं. शेवटी तो म्हणाला, "रॉन, अस्सलवर शिक्का आधी मारतात, कारखान्याचा रंग मागून चढतो. इथे खाली कारखान्याचा फिका राखाडी रंग आहे, आणि अक्षरं तो कापून आत गेलीत. कुणीतरी साध्या रिव्हॉल्व्हरवर मागाहून शिक्का कोरला, आणि वरून काळं फासलं. ते आज निघालं. म्हणूनच एवढी उठून दिसतायत."

रॉन मटकन खुर्चीत बसला. रिव्हॉल्व्हरकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मी थँक्यू म्हणालो.

"काय झालं हो?" सासूबाई.

"आई, ते नकली निघालं."

"मग बरं झालं ना घासलं ते! या दुसऱ्या साहेबांच्या डब्यात काय आहे?"

मी घाबरत घाबरत भाषांतर केलं. रॉन सावकाश उठला. "खरंच की, कॉलिन. तुझंही घासून बघू या. चिंच उरलीय."

"माझं अस्सल आहे!"

"मग भितोस कशाला? अस्सलचा रंग जायचा नाही."

सासूबाई नवा गोळा घेऊन प्रेमाने पुढे सरकल्या. कॉलिनने डबा पोटाशी धरला आणि चहासुद्धा न घेता जी धूम ठोकली, की त्याची एक जँडल (म्हणजे इथली रबरी चप्पल) आमच्या रांगोळीत राहिली! रॉन जो हसायला लागला, तो टेबलाला धरून हसला. घर वाचलं, नोकरी वाचली. त्या नकली रिव्हॉल्व्हरला अजूनही दर दसऱ्याला हळदकुंकू लागतं.

डोळे पुसत रॉनने माझ्याकडे बोट दाखवलं. "विचार तिला, हा नग अस्सल आहे का?"

सासूबाईंनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, आणि सुस्कारा सोडला.

"त्याला सांगा, लग्नाआधी चिंच लावायची राहून गेली. आता घासून काय उपयोग? परत घेणार कोण?"