तेजाबावर चुना

मले हात लावन असा मानूस गोंडपिपरीत अजून जन्माले नाई आला. बॅटरीवाले चाचा बल्लारशाले जन्मले होते.

त्याइचा पहिले हात पडे, कारन मंग समजे. बस स्टँडसमोर गाड्याइच्या बॅटऱ्या ठीक कराचं त्याइचं दुकान होतं, आन मी तिथी बॅटऱ्या उचलाच्या कामाले. शाळा मी बाहेरूनच पाह्यली, त्याच्यानं माही सारी शिकवनी गालावरच झाली. चार्जिंगच्या बॅटरीजवळ बिडी पेटवली का थापड. "गॅस निंगते तिच्यातून! फुटली त तुयं मुंडकं समोरच्या पानठेल्यावर सापडन." तेजाबात, म्हंजे बॅटरीच्या ॲसिडात, पानी ओतलं का लाथ. "पान्यात तेजाब टाक, हळूहळू. उलटं केलं त उसळून थोबाडावर येईन. तुयं काई बिघडाचं बाकी नाई, पन बायकोले रोज पाहा लागते."

एकदा साळीच्या लग्नातलं हळदीचं बनियन साबनानं घासलं, त लालभडक झालं. मी रक्त रक्त बोंबलत चाचाकडे पळालो. चाचानं बनियन पाह्यलं, आन एक ठेवून देल्ली. "हळदीले साबनाचा खार लागला का लालच होते. लिंबू पिळ त्याच्यावर." पिळलं. बनियन पिवळं झालं, गाल लालच राह्यला.

फर्शीवर तेजाब सांडला का चाचा त्याच्यावर धुन्याचा सोडा फेकत. फसफस होऊन तेजाब गरीब होऊन जाय. हे मी ध्यानात ठेवलं, आन तेच मले भोवलं.

एक दिवस जीपवाला आला, दुपारीच पिऊन. चाचानं ठीक करून देल्लेली त्याची बॅटरी जंगलात बंद पडली होती. त्यानं चाचाची कॉलर धरली. चाचानं अशी लावली का त्याच्या ओठातून रक्त निंगालं. त्यानं टेबलावरची तेजाबाची बाटली उचलली आन फेकली. मी चाचासमोर आडवा झालो. मी साऱ्याइले असंच सांगतो.

मान आन हात अशे पेटले का कोनी जिता सोलून राह्यला. आमच्याइकडे लाल मुंग्या डसल्या का चुना लावतेत. म्या खिशातून तंबाखूच्या खर्र्यासाठी ठेवलेली चुन्याची डबी काढली आन बोटं भरभरून चोपडला. मंग त आग मस्तकात गेली.

चाचानं माहे केस धरले, फरफटत बोरिंगवर नेलं, पाठीवर गुडघा देल्ला आन जीपवाल्यावर ओरडले, "हापस बे! नाई त उरलेलं तुले पाजतो!" जीपवाल्याची सारी उतरली. तो रडत रडत हापसून राह्यला, मी खालून दोघाइले शिव्या देऊन राह्यलो.

"चुना लावतं गधड्या?" चाचा माही मान घासत म्हनले. "तेजाब आंबट, चुना खारा. दोघं भेटले का पहिले भांडतेत, गरम होतेत, मंग थंड पडतेत. त्याइले फर्शीवर भांडू दे ना! आपल्या कातड्यावर काऊन कुस्ती लावतं?"

दवाखान्यात डॉक्टर म्हने, पान्यानं हात वाचला. मंग त्यानं चाचाकडे पाह्यलं. चाचाचा डावा डोळा मिटला होता. शिंतोडे त्याइच्याही डोळ्यात गेलते. बोरिंगचं सारं पानी माह्यावर गेलं, आपल्या डोळ्यात त्याइनं एक ओंजळ नाई मारली. मंग चंद्रपूरले नेलं, पन डोळा गेलाच.

चाचानं दुकान बंद केलं, आन बल्लारशाले पोराकडे निंगाले. बसजवळ अर्धा बाजार जमला होता. मी साऱ्याइसमोर म्हनलं, "चाचा, पुन्हा कोनी बाटली फेकली त मी पुन्हा तुमच्यासमोर आडवा होईन."

चाचा बसच्या पायरीवर थांबले, मान पुरी फिरवून उरलेल्या डोळ्यानं मले पाह्यलं.

"आडवा कायचा बे? तू पळून राह्यला होता, टेबलाले पाय अडकला. ते पाह्यलं तवा माहे दोनी डोळे होते."