आधी मंजुरी!

जुने चार कारकून जमले की तंबाखूची डबी फिरते, आणि डबी रिकामी झाली तरी किस्से संपत नाहीत. आमच्या निपाणीच्या कचेरीतले निम्मे किस्से तर एकट्या आप्पांचे!

आप्पा आमचे हेडक्लार्क, मूळचे चिकोडीकडचे. "आधी मंजुरी, मग काम!" हा त्यांचा मंत्र. बेळगावच्या मोठ्या ऑफिसातून कागद आल्याशिवाय ते टाचणीसुद्धा घेऊ देत नसत. तीस वर्षांत त्यांच्यावर एकही ठपका नव्हता. पेन्शनपर्यंत तो येऊ नये, एवढाच बिचाऱ्यांना ध्यास.

*

एकदा जूनमध्ये छप्पर गळायला लागलं. आप्पांनी कौलं बदलायची परवानगी मागितली. ती आली मार्गशीर्षात! वर अट: 'गळती समक्ष पाहून मगच काम करावे.'

बाहेर लख्ख ऊन! आप्पांनी सातू शिपायाला घागर देऊन कौलांवर चढवलं आणि माझ्या हाती रजिस्टर देऊन स्वतः बरोबर खाली उभे राहिले.

"ओत रं सातू!"

सातूनं ओतली. आप्पा नखशिखान्त भिजले, पण चेहरा काय खुलला! "व्हय, गळतंय! लिवा!"

*

रेकॉर्डरूममध्ये उंदीर झाले, म्हणून एका मांजरीच्या दुधाच्या खर्चाला मंजुरी आणली. महिन्याभरात तिला चार पिल्लं झाली. आप्पांनी कपाळाला हात लावला. "मंजुरी एका मांजराची, आन् हजर पाच! आता खुलासा कुनी द्यायचा?"

सातू म्हणाला, "बोक्याला इचारा की, आप्पा!"

*

पेन्शनला दोन महिने उरले असताना आप्पांची दाढ ठणकायला लागली. मी म्हटलं, "आप्पा, बेळगावला खडेबाजारात डॉक्टर आहे. काढून टाका."

"तसं कसं? हाफिसात बसल्यावर दुखाया लागली. म्हंजे खर्च सरकारचा. आधी मंजुरी!"

अर्ज गेला. तीन आठवडे आप्पा सुजलेला गाल धरून आंबिलीवर राहिले. मला खरंच त्यांची दया यायची. आणि एके सकाळी चूळ भरताना दाढ आपोआप पडली!

त्याच दुपारी टपालानं कागद आला: 'दाढ काढण्यास मंजुरी आहे. डॉक्टरांनी काढल्याचा दाखला जोडावा.'

आप्पांचं तोंड उतरलं. "मंजुरीच्या आधीच पडली की! आता मंजूर काम का केलं न्हाय म्हनून इचारत्यात. तीस वर्सांत पयला ठपका!"

दुसऱ्या दिवशी मीच त्यांना मोटारीनं बेळगावला नेलं. डॉक्टरांच्या खुर्चीत बसून आप्पांनी खिशातली पुडी सोडली, दाढ पुढे केली आणि हात जोडले.

"डाक्टर, ही आधी बसवा. मग काढा!"