बिनभाराचे बारा व्होल्ट

युनूस गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुलांना शिकवत होते. शिरवळच्या त्याच्या कारखान्यातून कुणीतरी बोलत होतं. दुसऱ्याची पाळी करायला थांबला होता, जिना चढता चढता खाली बसला, तो उठलाच नाही... "कोण युनूस?" मी विचारलं. कळलं होतं, तरी विचारलं.

सांगलीला इंजिनिअरिंगला आम्ही एका वर्गात होतो. तो लोणंदचा, शिंप्याचा मुलगा. शेवटच्या वर्षी आम्ही दोघांनी स्पर्धेसाठी रोबो बनवला. चार चाकं, ठोकळे उचलणारा एक हात आणि पोटात स्कूटरची बॅटरी. आदल्या दिवशी होस्टेलवर जो येईल त्याला हा पठ्ठ्या रोबो चालवून दाखवत बसला. खानावळीतल्या मामांना तर दोनदा. मी ओरडले, "अरे, बॅटरी उतरेल!" तर म्हणतो, "बघू दे की गं, हौसेनं आल्यात." नाही म्हणणं त्याला कधी जमलंच नाही. संध्याकाळी वीज गेली आणि चार्जिंग अर्धवट राहिलं. सकाळी मीटर लावला तर पूर्ण बारा व्होल्ट! आम्ही दोघंही खूश.

त्या दिवशी दुकान बंद ठेवून त्याचे अब्बा मुद्दाम लोणंदहून आले होते. पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या सदऱ्यात. रोबो झोकात निघाला. पण ठोकळा उचलायला हाताची मोटर सुरू झाली आणि चाकं मंदावली, वीज जोडणारा-तोडणारा आतला रिले कटकट करायला लागला. हात अर्ध्यावर थरथरत थांबला तो थांबलाच. मागून हशा पिकला. अब्बा तेवढे टाळ्या वाजवत होते, त्यांना वाटलं एवढंच करायचं असतं. युनूस बॅटरीवर हात ठेवून मला म्हणाला, "मोकळी हाय तवर बारा दाखवती. वजन आलं की बसती." तेव्हापासून त्यानं स्कूटरच्या हेडलाइटच्या बल्बला दोन वायरी जोडून ठेवल्या. कुणाचीही बॅटरी असो, आधी बल्ब पेटवायचा आणि तो जळत असताना मीटर बघायचा.

गेल्या दिवाळीत भेटला तेव्हा चार पायऱ्यांत धापा टाकत होता. मी चिडले. "तपासून आलोय गं साताऱ्यात," तो हसला. "झोपवून हृदयाची पट्टी काढली, सगळं बरोबर हाय. आता फिरत्या पट्ट्यावर चालवून हृदय बघायचं म्हणत्यात, पण सध्या लय माणसं रजेवर हायती. जाईन की." नाही गेला. राग येतो मला त्याचा, अजूनही.

परवा लोणंदला गेले. अब्बांनी त्याच्या पिशवीतून तो बल्ब काढला. "हे कशाला व्हतं, पोरी?" मी सांगितलं, बॅटरी नुसती पडून असली की चांगलीच दिसते, कामाला लावून बघावं लागतं. अब्बांनी वायर बोटाला गुंडाळली. मग म्हणाले, "आन् सोताला न्हाई बघितलं त्यानं?"



बल्ब त्यांनी मलाच दिला. काल माझी स्कूटर सुरू होईना, म्हणून बॅटरीला लावला. लख्ख पेटला आणि मग हळूहळू तांबडा होत गेला. मीटर हातात होता, पण मला बघवेना. मी वायरी काढून घेतल्या.