आमच्या झूचं उत्पन्न

प्राण्यांजवळ नोकरी करणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत. सकाळी पिंजरा झाडला की शेणाबरोबर एखादा निघतोच. मी वाशीम जिल्ह्यातल्या एका छोट्या नगर परिषदेच्या झूमध्ये तिकीट खिडकीवर बसतो. एक लंगडा बिबट्या, चितळं, मोर आणि एक तळं, एवढाच आमचा संसार. तो मोडून तिथे दुकानांचे गाळे काढायचं घाटतंय. का, तर म्हणे, "झूचं उत्पन्न काय?" हा प्रश्न ऐकला की माझं डोकं सणकतं!

\*

मेडशीकडचे शेतकरी आमच्याकडून बिबट्याखालचं गवत नेतात. तुरीच्या बांधावर टाकलं की वासाने रानडुकरं फिरकत नाहीत. एक पाटील मात्र तणतणत आले. "तुमच्या बिबट्यात दम नाही राह्यला. डुकरं रातभर चरून गेली."

गवत न्यायला त्यांनी मेहुण्याला पाठवलं होतं. तो मागेच उभा होता. "भाऊजी, मले बिबट्याचं भेव वाटलं," तो म्हणाला. "म्या हरणाखालचं भरलं."

पाटील त्याच्याकडे वळले. "म्हंजे आपनच डुकराईले गादी टाकली."

\*

शेजारच्या कॉलनीतल्या एका गुरुजींची तक्रार होती, की तळ्यामुळे डास होतात, तळं आटवा. आमच्या डॉक्टर मॅडम, म्हणजे झूच्या प्रमुख, एरवी शुद्ध बोलतात. रागावल्या की वऱ्हाडीत येतात. उन्हाळ्यात गाळ काढायला त्यांनी तळं रिकामं केलं. कॉलनीतल्या बोअर एकामागून एक कोरड्या पडल्या. गुरुजी बादली घेऊन हजर.

"मॅडम, तळं कवा भरता?"

"डास होतीन ना, गुरुजी."

"होऊ द्या. डासाले मच्छरदाणी हाय, बोअरले काय लावू?"

\*

एक नगरसेवक फाटकातच म्हणाले, "वाघ नाही, सिंह नाही, झू कायचं हे?"

मॅडम म्हणाल्या, "तुमच्या सभेत तरी कोन हाय?"

\*

मग झूची किंमत काढायला शहरातून एक तज्ज्ञ आले. येईल त्याला विचारायचे, "हे झू वाचवायला तुम्ही किती द्याल?" शेलूबाजारच्या एका आजींनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "पावतीबुक कुठाय?"

"आजी, पैसे नकोत. फक्त आकडा सांगा."

"पैसे नाही पायजे, तं इचारून कायले राह्यला?"

वर्गणी सुरू झाली, ही बातमी मात्र गावभर गेली. संध्याकाळी एकाने तुरीचं पोतंच आणून टाकलं. तज्ज्ञ घाबरेघुबरे होऊन म्हणाले, "मॅडम, माझ्या तक्त्यात तुरीला रकाना नाही."

"मग एक पाडा," मॅडम म्हणाल्या.

\*

आणि मग नगर परिषदेची ती सभा. मे महिना, विषय होता 'प्राणिसंग्रहालय बंद करणे'. मॅडम आणि मी मागे बसलो होतो. बिबट्याला कुठे धाडणार हेही कुणी ठरवलेलं नव्हतं. मला रडूच येत होतं.

सभा सुरू झाली आणि लाईट गेली. सभागृहावर पत्रे. सगळे हातातल्या कागदांनी वारा घेऊ लागले. शेवटी अध्यक्षच म्हणाले, "चला, झूमधी बसू. थंड असते तिथं."

कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. शिपायाने आमच्या कडुनिंबांखाली खुर्च्या मांडल्या. झुळूक सुटली होती. दोघातिघांनी चपला काढून पाय पसरले. अध्यक्षांनी घाम पुसला आणि म्हणाले, "हं, घ्या. झू बंद कराचा विषय."

मॅडम उठल्या. एक रिकामी खुर्ची त्यांनी उचलली आणि समोर रणरणत्या उन्हात नेऊन ठेवली. मग दुसरी. मग अध्यक्षांच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"उठा साहेब. इथं गाळे होनार हायेत. उन्हात बसाची सवय आजच लावून घेऊ."

अध्यक्षांनी उन्हातल्या त्या दोन खुर्च्यांकडे पाहिलं. सगळेच बघत होते. कुणी जागचं हललं नाही.

"पुढचा विषय घ्या," अध्यक्ष म्हणाले.