पाझर नव्हे, गळती

अन्याय झाला तो नदीच्या खालच्या अंगाला मासेमारी करून राहणाऱ्या एका मूळनिवासी आजीवर. कधी झाला, तेही सांगते: यंदा मार्चमधल्या दुसऱ्या सोमवारी, दुपारी. प्लांटच्या बांधाबाहेरच्या निरीक्षण विहिरीत घाण पाणी निघालं आणि आमच्या साहेबांनी तिला न कळवायचं ठरवलं.

कॅनडात, उत्तर अल्बर्टातल्या त्या तेलाच्या प्लांटवर मी पाणी विभागात होते. नदीतून पाणी उचलायचं, तापवून त्यानं तेल मिसळलेली वाळू धुऊन तेल काढायचं, उरलेलं विषारी पाणी बांधाआड तलावात सोडायचं, जमेल तेवढं पुन्हा वापरायचं. नदीचं सॅम्पल घ्यायला मी आजीच्या धक्क्यावर जायची. ती त्याच नदीच्या पाण्याचा चहा पाजायची.

साहेब नागपूरचे. सोमवारी म्हणाले, "आधी कन्फर्म होऊ दे." शनिवारी त्यांच्या बेसमेंटमध्ये पॉटलक होतं, ज्यानं त्यानं एकेक पदार्थ आणायचा, सगळे मराठी, सगळे प्लांटवरचे. मी पुन्हा विषय काढला, तर साबुदाणा वडा चटणीत बुडवत ते म्हणाले, "अगं, पाझरतंय थोडं. आपल्याकडे पाझर तलाव मुद्दाम बांधतात. पाणी मुरतं, विहिरींना लागतं, लोक दुवा देतात."

माना डोलल्या. इंजिनिअरांच्या माना! पाझर तलावात पावसाचं पाणी असतं, हे चौथीतलं पोरही सांगेल. पण शब्द आपला, गोड, ओळखीचा. कानावर पडला की डोकं बंद.

"सर, ही गळती आहे. आजी ते पाणी पिते."

"तुझी पीआरची फाइल कुठवर आली गं?" त्यांनी अगदी मायेनं विचारलं. पीआर म्हणजे इथं कायम राहायचा परवाना. "रेफरन्स लेटर माझंच लागणार ना? मग शब्द जपून वापरावेत."

"सोडा हो, हिला मोर्चातच जायचंय," एक वहिनी म्हणाल्या. हशा पिकला. टेबलावर बाटलीबंद पाणी होतं. त्या घरात नदीचं कुणी पीत नाही.

बाहेर पडताना, एका पायात बूट असतानाच, मी आजीला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"दर ख्रिसमसला तुमची कंपनी मला टोपी पाठवते," ती म्हणाली. "यंदा टोपीऐवजी बातमी चालली असती." मग म्हणाली, "नातवंडं इथंच आहेत. सकाळपासून हेच पाणी पितायत. आता काय पाजू?"

नदीचं नको, एवढंच मला सांगता आलं.

लेटर मिळालं नाही, नोकरीही गेली. त्याचं रडगाणं गात नाही. नदीकाठी आणखी घरं आहेत आणि त्यांचे फोन नंबर माझ्याकडे नाहीत. तुमच्याकडे आहेत. तुम्ही, जे अजून तिथं पाणी सांभाळता आणि शनिवारी वडे खाता, आज फोन उचला. आपसांत त्याला पाझर म्हणा, सीपेज म्हणा, वाट्टेल ते म्हणा. त्यांना स्पष्ट सांगा: हे पाणी पिऊ नका.